‘बंद’ कळ आणि ‘बंद’ दिवा

वरच्या प्राथमिक वर्गांत विद्युत्-परिपथाचा पाठ शिकविताना एक अडचण वारंवार अनुभवास येते. ‘परिपथ बंद असता दिवा लागेल काय?’ असे विचारताच मुले एकमुखाने ‘नाही’ म्हणतात. पाठ्यपुस्तकाप्रमाणे हे उत्तर चुकीचे ठरते. परंतु त्यात मुलांचा दोष मुळीच नाही. घरी आईने ‘दिवा बंद कर’ म्हटले की अंधार होतो, आणि शाळेत गुरुजींनी ‘कळ बंद करा’ म्हटले की उजेड पडतो! एकच शब्द दोन उलट अर्थांनी वापरला जातो, हे या घोटाळ्याचे मूळ होय.

व्यवहारात ‘बंद’ म्हणजे काम थांबलेले : दुकान बंद, यंत्रमाग बंद, दिवा बंद. शास्त्रात ‘बंद’ म्हणजे टोके जुळून वाट पूर्ण झालेली. विद्युत्-घटाच्या एका टोकापासून निघालेली वाट कळ व दिवा यांतून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असेल, तरच प्रवाह वाहतो. कोठेही फट पडली की परिपथ ‘खुला’ होतो व प्रवाह थांबतो. मुलांना हात धरून वर्तुळात उभे करावे. सर्वांचे हात जुळले की परिपथ बंद. एकाने हात सोडला की खुला. पाण्याच्या तोटीची उपमा मात्र येथे टाळणे इष्ट; कारण तोटी उघडली की पाणी वाहते, तर कळ उघडली की प्रवाह थांबतो.

आपल्या भागातील शेतीपंपाचा स्टार्टर हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्यावरील हिरवे बटण एरवी खुले असते. ते दाबताच परिपथ जुळतो व मोटार सुरू होते. लाल बटण एरवी बंद असते व त्यातून प्रवाह जात राहतो. ते दाबले की वाट तुटते आणि मोटार थांबते. म्हणजे पंप थांबविण्याचे बटण शास्त्राच्या अर्थाने ‘बंद’ असते, म्हणूनच पंप चालू राहतो!

जिन्याच्या दिव्याला वर व खाली अशा दोन कळी असतात. त्या प्रकाराला आपल्याकडे ‘टू-वे’ म्हणतात, कारण तीत प्रवाहाला दोन वाटा असतात. अमेरिकेत त्याच कळीला ‘थ्री-वे’ म्हणतात, कारण तिला तारा जोडण्याची तीन टोके असतात. वस्तू एकच, मोजणी निराळी. शिवाय साध्या कळीचा खटका आपल्याकडे खाली केला की दिवा लागतो, अमेरिकेत वर केला की लागतो. जिन्याच्या कळीत तर खटक्याच्या स्थितीवरून काहीच सांगता येत नाही.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. घरातील वीज २३० व्होल्टची असते. मेन स्विचपाशी उभ्या असलेल्याने ‘बंद केले’ म्हणावे आणि शिडीवरच्याने निराळाच अर्थ घ्यावा, तर जिवावर बेतेल. तारांची जोडणी चुकून कळ फेजऐवजी न्यूट्रल तारेवर बसविलेली असल्यास, दिवा विझलेला असूनही त्याच्या होल्डरमध्ये वीज असते. म्हणून ‘दिवा बंद आहे’ याचा अर्थ ‘हात लावण्यास हरकत नाही’ असा कधीही होत नाही, हे मुलांच्या मनावर ठसविले पाहिजे.

यास्तव शिक्षकांनी नावाआधी क्रिया शिकवावी. विजेरीचा १.५ व्होल्टचा एक घट, लहान दिवा, तारेचे तुकडे, लाकडी फळीवर ठोकलेले दोन खिळे व पत्र्याची पट्टी एवढ्या साहित्यात कळ तयार होते. पट्टी दोन्ही खिळ्यांना टेकविताना ‘वाट जुळली, दिवा लागला’ आणि उचलताना ‘वाट तुटली, दिवा विझला’ असे मुलांकडून म्हणवून घ्यावे. नंतरच ‘बंद परिपथ’ व ‘खुला परिपथ’ ही नावे फळ्यावर लिहावीत. घरातील विजेवर हा प्रयोग कदापि करू नये. वाट डोळ्यांनी पाहिलेले मूल पुढे कोणत्याही नावाने गोंधळणार नाही.