समजून घ्या : पीडीएफ केली म्हणजे ई-बुक झालं का?

सोलापूर : शंभर वर्षांहून अधिक काळ छापलं जाणारं सोलापूरचं दाते पंचांग आता मोबाइल ॲपवरही आहे. अनेक मराठी पुस्तकं मात्र अजून पीडीएफपाशीच अडकली आहेत.

पीडीएफमध्ये अडचण काय?
पानाची मांडणी पक्की असते. मोबाइलवर अक्षर मोठं केलं की ओळ स्क्रीनबाहेर जाते.

ईपब वेगळं कसं?
ईपब म्हणजे एका फाइलमध्ये बांधलेली छोटी वेबसाइटच. मजकूर एचटीएमएलमध्ये, मांडणी सीएसएसमध्ये. स्क्रीननुसार ओळी आपोआप बसतात. २०१७ मध्ये ईपबचे नियम ठरवणारी आयडीपीएफ ही संस्था वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीत विलीन झाली, ती यामुळेच.

मराठीत घोडं कुठे अडतं?
जुन्या डीटीपी फाइल बऱ्याचदा युनिकोडमध्ये नसतात. फॉन्ट बदलला की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. शब्द शोधता येत नाही. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडरही तो मजकूर नीट वाचू शकत नाही.

उपाय काय?
डेव्हलपरने मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, प्रकाशकाच्या मुद्रितशोधकाने रफार आणि जोडाक्षरं तपासायची. नवं पुस्तक सुरुवातीपासून युनिकोडमध्ये टाइप केलं, तर हे दुहेरी काम वाचतं.