पित्याची संमती आणि अपत्याचा निर्वाह

माणसावर येणारी कायदेशीर बंधने दोन प्रकारची असतात. काही तो करार करून स्वतः पत्करतो. काही त्याच्या नात्यामुळे त्याच्यावर येतात. भाडेकरू करारावर सही करतो, म्हणून भाडे देणे लागतो. यावरून कित्येकांचा असा समज होतो की, अपत्याच्या पोटगीचा कायदाही आपण मान्य केला तरच आपल्याला लागू व्हावा. हा समज कोठे चुकतो ते पाहू.

समजा, कुंभकोणमजवळील मरुदानल्लूर गावचा एक गृहस्थ पत्नी व मूल यांस गावी ठेवून नोकरीसाठी पुण्यास गेला आणि त्याने पैसे पाठविणे बंद केले. पत्नीने आपल्या जिल्ह्यातील न्यायालयात अर्ज केला. गृहस्थ म्हणतो, "मूल व्हावे अशी माझी इच्छा नव्हती, मी कोणताही करार केलेला नाही, आणि हा कायदा मला मान्य नाही." यांपैकी एकही सबब टिकत नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125, आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेले भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144, यांनुसार प्रश्न एवढेच उरतात: हा पिता आहे काय? त्याची ऐपत आहे काय? त्याने हयगय केली वा नकार दिला काय? आणि मूल स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ आहे काय? मूल औरस असो वा अनौरस, कायदा भेद करीत नाही. तो मुद्दाम गैरहजर राहिला तर त्याच्या पश्चात सुनावणी होऊ शकते; आदेश सबळ कारणाशिवाय मोडल्यास वॉरंट निघते, आणि तरीही रक्कम न भरल्यास दर महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

ही कल्पना नवी नव्हे. जुन्या हिंदू धर्मशास्त्रातही अल्पवयीन पुत्राचे पोषण हे पित्याचे वैयक्तिक कर्तव्य मानले जाई. वडिलार्जित संपत्ती हाती असो वा नसो. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने ही जबाबदारी मातेवरही टाकली.

संमतीने जे बंधन निर्माण होत नाही, ते संमतीने नाहीसेही करता येत नाही. पुढील पोटगीचा हक्क सोडून देणारी पत्नीची तडजोडसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली लोकहितविरोधी ठरविली. मग ज्या मुलाने कोठेही सही केलेली नाही, त्याचा हक्क आईबापांनी आपसांत सोडून देणे कसे चालेल?

याचा अर्थ प्रतिवादीचे काहीच ऐकले जात नाही असा मात्र नव्हे. आपण पिताच नाही, हे त्याला सिद्ध करता येते. विवाहकाळात जन्मलेले अपत्य पतीचेच, असे कायदा सामान्यतः धरून चालतो. परंतु 2014 साली महाराष्ट्रातील एका प्रकरणात, दोनदा झालेल्या डीएनए तपासणीचा निष्कर्ष पतीच्या बाजूने आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलीच्या पोटगीची पुढील वसुली थांबविली. दिलेली रक्कम मात्र परत घेऊ दिली नाही.

म्हणजे नाते नाकारता येते, ऐपतीविषयी वाद घालता येतो. परंतु नाते व ऐपत दोन्ही सिद्ध झाल्यावर 'मला मान्य नाही' या उत्तरास स्थान उरत नाही. अन्यथा, ज्याच्या हयगयीवर उपाय म्हणून कायदा केला, त्याच्याच मर्जीवर तो अवलंबून राहिला असता.