यंत्राच्या पोटात दुर्बीण

आमच्या शेजाऱ्यांनी मध्यंतरी एक जुनी मोटारसायकल घेतली. महिनाभरात ती निळसर धूर ओकू लागली. गॅरेजवाल्याने दोन मिनिटे आवाज ऐकला आणि सांगून टाकले, "काका, इंजिन खोलावं लागेल." शेजारी संध्याकाळी माझ्याकडे आले. म्हणाले, "डॉक्टर पोटात दुर्बीण घालून बघतात. तसं इंजिनात बघता येत नाही का?"

येते. त्या साधनाला बोअरस्कोप म्हणतात, आणि त्याचे नाते डॉक्टरांच्या दुर्बिणीशी अगदी सख्खे आहे. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हेरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली 'नेचर' या नियतकालिकात लवचीक फायबरस्कोपवर निबंध प्रसिद्ध केला. केसासारख्या काचेच्या हजारो तंतूंची जुडी करायची आणि दोन्ही टोकांना त्यांचा क्रम तोच ठेवायचा. एकेक तंतू चित्राचा एकेक ठिपका वाहून नेतो. नळी वाकली तरी प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. तंतू तुटला की चित्रात काळा ठिपका पडतो. आमच्या कारखान्यातल्या फायबरस्कोपमध्ये असे ठिपके इतके होते, की जणू कुणी वर मोहरी सांडली आहे! आता टोकालाच इवलासा कॅमेरा आणि दिवे बसवतात, चित्र तारेतून पडद्यावर येते. फोनला जोडायचा साधा बोअरस्कोप हजार-दोन हजार रुपयांत मिळतो.

घेताना लोक आधी विचारतात, किती मेगापिक्सेल? हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी भोक मोजा. पुष्कळ मोटारसायकलींच्या स्पार्क प्लगचे भोक १० मिलिमीटरचे असते. त्यात ८ मिलिमीटरचा कॅमेरा जातो, पण हलायला जागा उरत नाही. तिथे साडेपाच मिलिमीटरचा किंवा त्याहून बारीक हवा. मग अंतर बघा. स्वस्त कॅमेऱ्याचा फोकस ठरलेला असतो, बहुतेकदा ३ ते १० सेंटिमीटर. लहान मोटारसायकलीचा सिलिंडर ५०-६० मिलिमीटर रुंद. म्हणजे भिंत इतकी जवळ, की चित्र पुसटच येणार. शिवाय कॅमेरा बघतो समोर आणि भिंत असते बाजूला. म्हणून बाजूला बघणारी दुसरी भिंग असलेला घ्यावा. सोबत मिळणारी आरशाची टोपी चालते, पण ती इंजिनात निसटली तर इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नाही. महागड्या स्कोपचे टोक बाहेरून हवे तसे वळवता येते. बाहेर काढताना ते आधी सरळ करावे, नाहीतर अडकते.

केबलही कामाप्रमाणे निवडावी. वाकवू तशी राहणारी ताठर केबल इंजिनाला बरी. मऊ केबल लांब पाइपात ढकलली, तर पुढे न जाता मागेच वेटोळी घालते. पाण्यात चालतो असे लिहिलेला स्कोप पेट्रोलमध्ये चालतो असे मात्र समजू नका. पेट्रोलच्या टाकीत तो घालूच नये. विजेच्या चालू पॅनेलमध्येही नाही. आणि यंत्राचा स्कोप मुलांच्या कानात घालून बघायची हौस कृपा करून नको.

हे झाले घेण्याचे. खरी अडचण पुढे, कारण जे दिसते त्याचा अर्थ लावावा लागतो. नव्वदच्या दशकात मी एका कारखान्यात देखभाल विभागात होतो. हवेच्या कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह काढून मी आत फायबरस्कोप घातला. सिलिंडरच्या भिंतीवर एक काळी उभी रेघ दिसली. मी छातीठोकपणे सांगितले, तडा आहे. कॉम्प्रेसर खोलला, दोन दिवस काम बंद. आमच्या फिटरने रेघेवरून बोट फिरवले आणि ती पुसली गेली. जळक्या तेलाचा ओघळ होता तो! फिटर काही बोलला नाही. बोटाला लागलेले काळे मला दाखवून तो फडक्याला हात पुसू लागला.

तेव्हापासून मी कुठलीही रेघ एकाच कोनातून बघत नाही. स्कोप थोडा फिरवून दिव्याची दिशा बदलावी. सावली असेल तर सरकते, चकाकी असेल तर दिवा मंद केल्यावर विरते. चरा जागचा हलत नाही. आकाराचाही भरवसा धरू नये, भिंगाजवळचा कण डोंगराएवढा दिसतो. आणि केबलला पीळ बसला की चित्र फिरते, वर-खाली कळेनासे होते. साचलेले तेल दिसले तर ती बाजू खालची, एवढी खूण धरावी. केबलवर दर दहा सेंटिमीटरला चिकटपट्टी लावली, तर आपण किती आत आहोत तेही समजते.

शेजाऱ्यांच्या गाडीचे इंजिन आधी पूर्ण गार होऊ दिले. प्लग काढला, पिस्टन हाताने खाली आणला आणि मगच स्कोप आत सोडला. स्कोप आत असताना किक मारायची नाही, हे शेजाऱ्यांना दोनदा बजावले. पिस्टनचा माथा तेलाने ओला होता. नव्या सिलिंडरच्या भिंतीवर बारीक तिरकस जाळीसारख्या रेघा असतात, त्या जवळपास गेल्या होत्या. त्यांच्या जागी उभे चरे. मी दिवा कमी केला, कोन बदलला, दुसऱ्या बाजूने पाहिले. चरे तिथेच होते.

गॅरेजवाल्याचे म्हणणे बरोबर होते. शेजाऱ्यांनी ते फोटो त्याला नेऊन दाखवले आणि सिलिंडर-पिस्टनचा खर्च आधी लिहून घेतला.