चावी कुणाकडे?

आमच्या लोंढा जंक्शनात बेळगावची, हुबळीची आणि कॅसलरॉकवरून गोव्याला जाणारी अशा तीन वाटा एकत्र येतात. तिकीट काढून गाडीत कुणीही बसावं, वेळापत्रक कुणीही वाचावं. पण रूळ बदलायचं काम प्रवाशांच्या हाती कुणी देत नाही. लहानपणापासून हे बघत आलो, तरी घरच्या कॉम्प्युटरवर मी नेमकं उलटं केलं.

आमच्या घरी सगळ्या चुलत भावंडांत मिळून एकच कॉम्प्युटर. त्यावर लिनक्स, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. मी थोरला, म्हणून ॲडमिनचा पासवर्ड माझ्याकडे. वाङ्मय मंडळाच्या अंकासाठी मी मराठी टायपिंगचा एक प्रोग्रॅम बसवला. तो भावंडांच्या लॉगिनवर चालेना, सारखं 'परमिशन डिनाईड' म्हणे. कंटाळून मी त्या अख्ख्या फोल्डरला ७७७ देऊन टाकलं. लगेच चालू झालं, मीही खूश! वर शहाणपणा असा की, सगळ्यांना सापडावा म्हणून अंकाचा मजकूरही तिथंच ठेवला.

आठवड्याभरात डिस्क भरली आणि धाकट्यानं साफसफाई केली. विचारलं तर म्हणतो, "दादा, मी काय बी केलो नाही. नको असलेलं तेवढं काढलो." प्रोग्रॅम पुन्हा बसवता आला. बहुतेकांचे लेख व्हॉट्सॲपवर सापडले. पण एका मैत्रिणीनं रेल्वेत गँगमन असलेल्या आपल्या आजोबांवरचा लेख आमच्याच घरी बसून टाईप केला होता. तिच्याकडे प्रत नव्हती. तिनं तो पुन्हा लिहिला. "पहिल्यांदा आला तसा आता येत नाही," एवढंच म्हणाली. चूक धाकट्याची नव्हती, माझी होती.

हे ७७७ म्हणजे काय, ते मी त्यानंतर शिकलो. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं. एका यंत्रावर अनेक जण काम करणार, म्हणून कुणाला काय करता येईल हे ठरवणं भाग होतं. तीच पद्धत आज लिनक्समध्ये आहे. तीन आकडे तीन जणांचे: पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. वाचण्याचे ४, बदलण्याचे २, चालवण्याचा १. बेरीज ७ म्हणजे सगळे हक्क. ५ म्हणजे वाचा, चालवा, पण बदलू नका.

इथं एक गोम आहे. फोल्डरच्या बाबतीत 'बदलणे' म्हणजे त्यात फाईल तयार करणे, तिचं नाव बदलणे आणि ती काढून टाकणे. म्हणजे फाईल स्वतः कुलूपबंद असली, तरी फोल्डर मोकळा असेल तर ती उडवता येते! दुसरा धोका याहून मोठा. पेन ड्राइव्हवरून आलेला एखादा व्हायरस धाकट्याच्या लॉगिनवरूनही मोकळ्या फोल्डरातला प्रोग्रॅम बदलू शकतो. मग मी तो ॲडमिन म्हणून चालवला, की माझे सगळे हक्क त्याला मिळाले.

तेव्हा मित्रांनो, नियम सोपा आहे. प्रोग्रॅमच्या फोल्डरची मालकी 'रूट'कडे ठेवा. फोल्डरांना आणि चालवायच्या फाईलींना ७५५, बाकी साध्या फाईलींना ६४४. सगळ्यांना एकच आकडा सरसकट लावू नका. प्रोग्रॅम अडला तर आधी तो नेमका कुठं अडतो ते बघा. ज्याची त्याची सेटिंग ज्याच्या त्याच्या होम फोल्डरात जायला हवी.

एकत्र काम करायचं असेल तर त्यासाठी वेगळा फोल्डर करा. आम्ही भावंडांचा एक गट केला आणि रूटच्या मालकीचा नवा फोल्डर त्या गटाला जोडून ३७७० दिलं. पुढच्या ३ मुळे दोन गोष्टी होतात: नवी फाईल आपोआप त्या गटाची होते, आणि एकाची फाईल दुसऱ्या भावंडाला काढून टाकता येत नाही.

विंडोजवाल्यांनीही हेच करावं. प्रोग्रॅम 'प्रोग्रॅम फाईल्स'मध्येच बसवावा. तिथं साध्या युजरला वाचता आणि चालवता येतं, बदलता येत नाही. थेट सी ड्राइव्हवर केलेला नवा फोल्डर मात्र सहसा सगळ्या लॉगिनवाल्यांना बदलता येतो. फोल्डरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, मग सिक्युरिटी, तिथं बघा. 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' दिसलं तर ते काढा. आणि रोजच्या कामाला ॲडमिनचं लॉगिन वापरू नका. मीसुद्धा आता साधंच वापरतो.

परवानग्या नीट लावल्या म्हणजे बॅकअप नको, असं मात्र नाही. डिस्क गेली तर ७५५ काय करणार? म्हणून या अंकाचा सगळा मजकूर दोन ठिकाणी ठेवला आहे. आजोबांवरचा तो लेख त्यातच आहे, जरूर वाचा.