गिटारचं ‘सेटिंग’ बदलून बघा

भोसरी किंवा चाकणच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये विचारा, नवा जॉब लावायचा तर आधी काय बदलतात? सेटिंग. मशीन तेच, ऑपरेटर तोच, पण काम वेगळं. तुमच्या रूमवर धूळ खात पडलेल्या गिटारचंही तसंच आहे. एफच्या बार कॉर्डने बोटं सोलवटली आणि गिटार कोपऱ्यात गेली, हे तुमचंही झालंय ना? मग तारांचं सेटिंग बदला. याला म्हणतात ओपन ट्यूनिंग.

कॅनडाची गायिका जोनी मिचेल हिला वयाच्या ९ व्या वर्षी पोलिओ झाला. डावा हात कमजोर राहिला, नेहमीच्या कॉर्ड धरणं अवघड. तिने ट्यूनिंगच बदललं आणि पुढे तीच तिची ओळख झाली.

मोबाइलवर ट्यूनर उघडा. सहावी, दुसरी आणि पहिली तार दोन-दोन फ्रेटनी उतरवा, तिसरी एका फ्रेटने. चौथी, पाचवी तशाच. तारा फक्त सैल होतात, त्यामुळे तुटायची धास्ती नाही. जाड तारेपासून आता लागलंय डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. आपल्या भाषेत सा, प, सा, ग, प, सा. एकही बोट न ठेवता अख्खी कॉर्ड!

आता दुसऱ्या तारेवर चौथा फ्रेट दाबा. हा शुद्ध नी. पाचवी, चौथी, तिसरी, दुसरी, पहिली अशी एकेक तार छेडा, बोट उचलू नका. एकामागून एक आलेले सूर एकमेकांत गुंजत राहतात. हा मेजर सेव्हन्थचा आर्पेजिओ. तेच बोट तिसऱ्या फ्रेटवर आणा. नी कोमल झाला, कॉर्ड झाली डॉमिनंट सेव्हन्थ. फरक एका फ्रेटचा, पण मूड किती बदलला ऐका.

पुढची गंमत. तिसऱ्या तारेचा पहिला फ्रेट म्हणजे म. चढताना सा ग म प आणि शुद्ध नी, उतरताना कोमल नी घेऊन प म ग सा. हे झाले राग तिलंगचे आरोह-अवरोह! म्हणजे क्लासमध्ये शिकलेली ‘सेव्हन्थ’ आणि घरी कानावर पडलेला राग एकाच तारेवर भेटतात.

तोटा आहेच. नेहमीच्या ट्यूनिंगचे टॅब इथे चालणार नाहीत आणि गॅदरिंगला पट्टी बदलायची तर कॅपो लागेल. तारा परत चढवताना मात्र घाई नको, पहिली तार तुटते ती तेव्हाच. पण टॅब बंद झाला की कोणता सूर कुठे आहे, हे तुम्हालाच शोधावं लागतं. आठवडाभर रोज १५ मिनिटं द्या. बोटांआधी कान तयार होईल.