ऑकलंडच्या भाड्यात सिंगापूरच्या दोन रात्री

मुंबईहून ऑकलंडला थेट विमान नाही. सिंगापूर, क्वालालंपूर, बँकॉक, सिडनी, कुठे ना कुठे उतरून विमान बदलावंच लागतं. सिंगापूरमार्गे गेलं तर पहिला टप्पा साधारण साडेपाच तासांचा, दुसरा जवळजवळ दहा तासांचा. उतरायचंच आहे तर दोन दिवस शहर बघून पुढे जावं, असं साठी ओलांडलेल्या जोडप्याला वाटलं तर त्यात नवल नाही. नवल आहे ते पुढेच. या दोन दिवसांपायी विमानाचं भाडं कधी जवळपास तेवढंच राहतं आणि कधी दीडपट होतं. असं का होतं, ते समजून घ्यायला मी दादरच्या एका तिकीट एजंटबाईंच्या टेबलाशेजारी बसले.

समोर डोंबिवलीचे काका-काकू होते. लेक ऑकलंडला, तिचं बाळंतपण मार्चमध्ये. जावईबापूंनी सांगितलं होतं, "सिंगापूर बघून या, तेवढ्याच पैशात होतं." एजंट ताई म्हणाल्या, "होतं, पण कुठल्या तारखेला होतं ते बघू या."

ताईंच्या पडद्यावर समुद्रकिनारे नव्हते, हसरी कुटुंबं नव्हती. नुसती अक्षरं आणि आकडे. ॲमेडियस या आरक्षणाच्या प्रणालीत त्यांनी 'एएन', मग तारीख, मग मुंबई आणि ऑकलंडची तीन-तीन अक्षरं टाईप केली. प्रत्येक उड्डाणापुढे अक्षरांची रांग आली आणि प्रत्येक अक्षराला चिकटून एक आकडा. अक्षर म्हणजे भाड्याचा क्लास, आकडा म्हणजे त्या क्लासात विकायला ठेवलेल्या जागा. नऊच्या वर आकडा दिसत नाही, शून्य म्हणजे क्लास बंद. इकॉनॉमी एकच, खुर्ची तीच, जेवणाचा ट्रेही तोच, पण भाडी दहा-बारा प्रकारची. स्वस्त अक्षर संपलं की त्याच्या वरचं लागतं. मंगळवारी मध्यरात्री तिकीट काढा, ब्राउझर खाजगी करून शोधा, हे व्हॉट्सॲपवरचे तोडगे मला पहिल्यापासून पटत नव्हते. ही रांग बघितल्यावर तर त्यांच्यासाठी जागरण करण्यात काही अर्थ वाटला नाही.

मग ताईंनी भाड्याचे नियम उघडले. विमान कंपन्या प्रत्येक दराला नियमांची एक जंत्री जोडतात. तिला क्रमांक असतात आणि ते सगळीकडे सारखेच. सहावा कमीत कमी मुक्कामाचा, सातवा जास्तीत जास्त मुक्कामाचा, सोळावा दंडाचा. आपल्या कामाचा आठवा, स्टॉपओव्हरचा. सगळा मजकूर मोठ्या इंग्रजी अक्षरांत, विरामचिन्हांशिवाय, डोळे दुखतील असा. ताई मात्र सरळ आठव्यावर गेल्या. एका दरात हॉल्ट अजिबात नाही. त्याहून थोड्या महाग दरात जाता-येता मिळून एक, तोही पैसे भरून. तिसऱ्यात एक मोफत. प्रवाशाला मात्र या तिन्हींचं नाव 'इकॉनॉमी' एवढंच दिसतं.

हॉल्ट म्हणजे नेमकं काय, हेही नियमानंच ठरतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात मधल्या शहरी चोवीस तासांपेक्षा जास्त थांबलात तर स्टॉपओव्हर, त्याहून कमी असेल तर नुसतं कनेक्शन, मग त्या तेवीस तासांत तुम्ही शहरभर भटकून आलात तरी. तिकिटाच्या हिशेबाच्या ओळीत याची खूण असते. मधल्या शहराच्या नावाआधी 'एक्स' आणि तिरपी रेघ असेल तर तिथे फक्त विमान बदलायचं आहे. ती नसेल तर मुक्काम. चोवीस तासांची ही मर्यादा करालाही लागू आहे. लंडनमध्ये चोवीस तासांच्या आत पुढचं विमान पकडलं तर ब्रिटनचा एअर पॅसेंजर ड्युटी हा कर लागत नाही. त्याहून जास्त थांबलात की तो तिकिटात येऊन बसतो. लंडनचा हॉल्ट महाग पडतो त्याचं हे एक कारण.

आता दीडपट भाड्याचं कोडं. मुंबई-ऑकलंडचं भाडं हे दोन टोकांचं भाडं असतं, मुंबई-सिंगापूर आणि सिंगापूर-ऑकलंड यांची बेरीज नव्हे. लागोपाठची दोन उड्डाणं कंपनी जोडीनं विकते आणि स्वस्त क्लास बऱ्याचदा त्या जोडीपुरताच उघडलेला असतो. एजंट याला 'मॅरिड सेगमेंट' म्हणतात. मध्ये दोन दिवस घातले की जोडी फुटते. मग प्रत्येक उड्डाणात तो क्लास स्वतंत्रपणे उघडा आहे का, हे बघितलं जातं. मुंबई-सिंगापूरला आहे, पण सिंगापूर-ऑकलंडला त्या दिवशी नाही, असं झालं की दुसऱ्या टप्प्याला वरचं अक्षर लागतं आणि आकडा फुगतो. आठवा नियम हॉल्टला परवानगी देतो, जागा राखून ठेवत नाही.

म्हणून ताईंचं खरं काम तारखा सरकवण्याचं होतं. बुधवार-शुक्रवार नाही, गुरुवार-शनिवार नाही, शुक्रवार-सोमवार उघडा. जाताना नाही, येताना बघू. काकूंनी मध्येच विचारलं, "एवढं कशाला, सरळ दोन वेगवेगळी तिकिटं काढली तर? भाच्याने मोबाईलवर दाखवलं, स्वस्त पडतं म्हणे." ताईंनी भाच्याला मोडीत काढलं नाही, हे मला आवडलं. मध्ये तीन तासांचं अंतर ठेवून वेगळी तिकिटं काढणं हा जुगार. पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्या कंपनीचा तुमच्याशी संबंध नसतो. पण मध्ये दोन रात्री असतील तर ही भीती उरत नाही. मग प्रश्न उरतो सामानाच्या वजनाचा, कारण स्वस्त कंपनीत बॅगेचे पैसे वेगळे. आणि तारीख बदलावी लागली तर दंड दोनदा. बाळंतपणाच्या प्रवासात तारीख बदलणार नाही, असं छातीठोक कोण सांगेल? काका-काकूंसाठी एकच तिकीट बरं, असं माझंही मत झालं.

व्हिसाचा विचार मात्र तिकिटाच्या आधी करावा लागतो. न्यूझीलंडचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला तिकडे जाता-येता सिंगापूरमध्ये ९६ तासांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय थांबता येतं. पुढच्या विमानाचं तिकीट पक्कं हवं, आणि शेवटचा शब्द इमिग्रेशन अधिकाऱ्याचा. उलट सिडनीमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो. फी नाही, पण अर्ज आहे, वाट बघणं आहे. भाड्यात पाच हजार कमी दिसतात म्हणून सिडनी निवडणाऱ्यांना हे उशिरा कळतं. सिंगापूरच्या चांगी विमानतळाचा तो प्रसिद्ध धबधबा ज्या ज्युएल इमारतीत आहे, तीही इमिग्रेशनच्या बाहेर आहे. आत राहून नुसतं विमान बदलणाऱ्याला तिच्यात हिंडता येत नाही.

हॉल्ट ही काही नव्यानं निघालेली चैन नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं तेव्हा कैरो आणि जिनिव्हा वाटेत घेतच गेलं. आता कंपन्या आपलं शहर दाखवायला हॉल्ट देतात. आइसलँडएअर अटलांटिक ओलांडताना रेक्याविकला आठवडाभर थांबू देते, पोर्तुगालची टॅप लिस्बनला, एतिहाद अबू धाबीला. पण विमानाचं भाडं वाढलं नाही म्हणजे मुक्काम फुकट झाला असं नाही. सिंगापूरची हॉटेलं महाग आहेत. काकांनी खोलीचा दर ऐकला आणि तीन रात्रींच्या दोन झाल्या.

शेवटी तारीख लागली ती परतीची, आणि ते अगदी योग्य झालं. हॉल्ट घेतला की चेक-इन केलेली बॅग सिंगापूरला ताब्यात घ्यावी लागते. जाताना तीत डिंकाचे लाडू, मेतकूट आणि अळिवाची पुडी असणार. हे सगळं दोन दिवस हॉटेलात वागवायचं आणि मग ऑकलंडला जाहीर करायचं. तिथे खाद्यपदार्थ लपवला तर जागेवर ४०० डॉलर दंड आहे. लेकीकडे सरळ जावं, हिंडणं येताना.

तुम्ही स्वतः शोधणार असाल तर 'राउंड ट्रिप'ऐवजी 'मल्टी-सिटी' निवडा आणि तिन्ही टप्पे वेगळे भरा. आयटीए मॅट्रिक्स या संकेतस्थळावर तिकीट विकत मिळत नाही, पण भाड्याची ओळ आणि नियम दोन्ही बघायला मिळतात. एजंटकडे जाणार असाल तर पैसे देण्याआधी आठवा आणि सोळावा नियम वाचून दाखवायला सांगा. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून लांबचं तिकीट काढू नका.