पहाटेचा दिवा आणि हिवाळ्यातली अंडी

कापसाची वेचणी भरात येते त्याच सुमारास यवतमाळ जिल्ह्यातल्या परसांतली अंडी आटू लागतात. दाणापाणी तेच, रोगराई नाही, तरी खुराड्यात हात घातला तर रिकामा. अशा वेळी औषधांच्या बाटल्या आणण्याआधी घड्याळ पाहावं. जूनमध्ये इथला दिवस सव्वातेरा तासांहून मोठा असतो, डिसेंबरात जेमतेम अकरा तासांचा.

ही घट कोंबडीला नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. कवटीच्या पातळ हाडातून उजेड थेट मेंदूपर्यंत पोचतो. त्यातही लालसर उजेड अधिक खोल जातो. तिथल्या पेशी उजेडाचे तास जोखतात, पीयूषिका ग्रंथीला चेतवतात आणि तिच्या संप्रेरकांवर अंडाशयातले बलक वाढीला लागतात. दिवस आखडला की हे सगळं मंदावतं. कोंबडी पिसं गाळते, अंडी थांबतात.

अंड्यावरच्या कोंबडीला 14 ते 16 तास उजेड लागतो. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास दिवस मावळतो. म्हणजे 14 तासांसाठी पहाटे पावणेचारला दिवा लागायला हवा. जादा उजेड पहाटेच द्यावा. संध्याकाळी दिवा एकदम विझला तर कोंबड्या अंधारात जागच्या जागी अडकतात. मावळतीला मात्र त्या आपसूक दांडीवर चढतात. एकदम दोन-तीन तास वाढवू नयेत, आठवड्याला अर्धा तास पुरे. कोंबडीच्या डोक्याशी पेपर वाचता येईल एवढा उजेड पुरतो. घरात कापूस साठवलेला असेल तर तापणारा बल्ब नकोच, एलईडी लावा. आणि एकदा वेळ धरली की ती मोडू नका. भारनियमनाच्या गावात बॅटरीचा दिवा घेतलेला बरा.

तलंगांना मात्र हा जादा उजेड देऊ नये. अंग भरण्याआधी अंड्यावर आल्या तर अंडी बारकी राहतात, प्रसंगी अंग बाहेर येतं.

वर्षाला 50-60 अंडी देणाऱ्या गावठी कोंबडीसाठी दिव्याचा खटाटोप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती खुडूक बसते, पिल्लं काढते, आणि घराला तेच जास्त मोलाचं असतं. दिव्याचा खर्च निघतो तो गिरिराज, वनराजासारख्या सुधारित कोंबड्यांवर.

मे महिन्यातली घट वेगळी. तेव्हा दिवस मोठाच असतो, पण पंचेचाळीस अंशांत कोंबडी धापा टाकते, खाणं सोडते, कवच पातळ पडतं. तिथे सावली आणि थंड पाणीच कामाला येतं. पहाटेचा दिवा तेव्हाही लावावा, कारण दुपारी न खाल्लेला दाणा ती त्या गारव्यात खाते.